ऐकणे आणि समक्ष ऐकणे



ह्या व्यासपीठावरून आपण आजवर पुष्कळ गंभीर विषय ऐकले आहेत. आज मात्र 'रॉक' नावाच्या, आपल्यापैकी बहुतेकांना गोंगाट वाटणाऱ्या संगीतावर बोलणार म्हणून मी उभा आहे. पत्रिका वाचून काही मंडळी केवळ मौज पाहायला आली असतील. त्यांचेही स्वागत! मी संगीतातला जाणकार नव्हे. इंग्रजी शिकवणारा साधा मास्तर आहे. एक वाद्यवृंद एकवीस वर्षे फितीवर ऐकला आणि मग एके दिवशी समक्ष ऐकला, एवढेच माझे भांडवल. ह्या दोन ऐकण्यांत अंतर कोणते, हा आजचा प्रश्न.

प्रथम त्या मंडळींची ओळख करून देतो. ह्या वाद्यवृंदाचे नाव 'आयर्न मेडन'. स्टीव्ह हॅरिस ह्याने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये तो उभा केला. हॅरिस वाजवतो ती जाड तारांची, खर्जातली गिटार. तिची लय घोड्याच्या दौडीसारखी असते. एक लांब ठोका आणि मागोमाग दोन आखूड. १९९९ पासून ह्या खर्जावर आणखी तीन गिटारी वाजू लागल्या. गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिकही आहे.

ह्यांची १९८४ साली 'पॉवरस्लेव्ह' नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातले शेवटचे गाणे साडेतेरा मिनिटांहून मोठे आहे आणि ते कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवर रचलेले आहे. ही कविता १७९८ सालची. लग्नाला निघालेल्या एका पाहुण्याला एक म्हातारा खलाशी वाटेत अडवतो आणि आपली कर्मकथा सांगतो. ज्याने कोणाचे काही वाकडे केले नव्हते असा एक समुद्रपक्षी त्याने मारला. वारा पडला, जहाज जागीच खिळले, सोबती एकामागून एक गेले. पुढे समुद्रातल्या जीवांविषयी त्याच्या मनात प्रेम उपजले, तेव्हा शापाची गाठ सुटू लागली. परंतु प्रायश्चित्त उरलेच. देशोदेशी हिंडून त्याने ही कथा सांगत राहायचे, आणि कोणाला सांगायची हे त्याने चेहरा पाहून ओळखायचे.

१९८७ साली पुण्याच्या वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मित्राने मला ह्या गाण्याची कॅसेट उतरवून दिली. अभंग आणि नाट्यगीते ह्यांवर वाढलेला मी पहिल्या दिवशी कान झाकून बसलो. आठवडाभराने रात्री दिवा मालवून तीच कॅसेट ऐकू लागलो. कोलरिज मला आधी ह्या मंडळींनी शिकवला. प्राध्यापकांची पाळी नंतर आली. पुढे एकदा फीत यंत्रात अडकून चुरगळली. तेवढा तुकडा कापून चिकटपट्टीने जोडली. त्यामुळे जहाज अडकल्यानंतरच्या एक-दोन ओळी नाहीशा झाल्या. कालांतराने मी चांगली तबकडीही विकत घेतली, पण कान त्या तुटक्या फितीचेच राहिले.

हे प्रेम मी गावात कोणाला सांगितले नव्हते. मास्तराला शोभणारे ते नव्हे, असे वाटे. १ फेब्रुवारी २००८ रोजी ह्या मंडळींच्या जगप्रवासाचा पहिला जलसा मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर ठरला. स्वतःचे विमान करून, सामानसुमान आणि साथीदार त्यात घालून ही मंडळी आली, आणि विमान हाकायला गायकच! मी मुख्याध्यापकांना नात्यातल्या लग्नाचे कारण सांगून रजा काढली आणि रात्रीच्या एस. टी. ने निघालो. कवितेतला श्रोता कथेपायी लग्नाला मुकला. मी कथेपायी एक लग्न उपजवले.

आता खरे सांगतो. पहिला अर्धा तास माझी निराशाच झाली. धूळ, रेटारेटी, पुढच्या उंच मुलांची डोकी. आवाज एकमेकांत मिसळलेले. घरी स्वच्छ ऐकू येणारी गिटार इथे शोधावी लागे. नदीच्या पलीकडच्या तीरावर धोबी कपडा आपटतो तो आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मी शंभरएक मीटर मागे होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे वादकाचा हात आधी दिसे आणि स्वर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने मागाहून येई. एवढ्यासाठी का आपण खोटे बोललो, असे मनात आले.

मग ते खलाशाचे गाणे सुरू झाले. जहाज अडकले. माझ्या फितीतली तुटकी जागा जवळ आली. कानाने सवयीप्रमाणे तिथे उडी घेतली, आणि गाणारा मात्र त्या गाळलेल्या ओळी म्हणत आपल्या गतीने पुढे गेला. मी पुढे आणि तो मागे! क्षणभर काही कळेना. आणि मग, मंडळी, चाळिशीला आलेल्या ह्या मास्तराला हजारो अनोळखी पोरांच्या गर्दीत रडू आले. एकवीस वर्षे मी ज्याला गाणे म्हणत होतो, ती माझ्या खोलीतली एक वस्तू होती. ती माझ्यासाठी थांबे, माझ्या सोयीने सुरू होई. समोरचा माणूस थांबणार नव्हता. त्याच्या मागून मलाच जायचे होते.

कोणी विचारील, घरी बसून जास्त नीट ऐकू येत नाही काय? येते. निव्वळ स्वरांचा हिशेब केला तर घरच बरे. परंतु १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला थंडीत घोंगडी घेऊन जे बसत आले, त्यांतल्या कित्येकांच्या घरी त्याच गायकांच्या तबकड्या होत्या. पोथी घरात असते, तरी आपण कीर्तनाला देवळात जातोच. बुवा आपल्या तोंडाकडे पाहून आख्यान लांबवतात किंवा आवरते घेतात. पोथीला ते जमत नाही.

त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. १९९२ सालच्या 'फिअर ऑफ द डार्क' ह्या गाण्यात गिटारीची जी धून आहे, ती लोक शब्दांवाचून एका आवाजात गाऊ लागले. मी खिशातला मोबाइल काढून माझ्या त्या वसतिगृहातल्या मित्राला लावला. तो अमेरिकेत, ऐन कचेरीत होता. दोन मिनिटे मी यंत्र हवेत धरून उभा राहिलो. रात्री त्याला विचारले, "काय ऐकलेस रे?" तो म्हणाला, "गाणे कसले, नुसती खरखर. पण माणसे किती आहेत ते कळले. मला वाटायचे, आपण दोघेच आहोत."

मलाही तसेच वाटत आले होते. आपली आवड लपवणारा मनुष्य आपण एकटेच आहोत अशी समजूत करून घेतो. ती समजूत त्या मैदानावर मोडली. परत आल्यावर मी मुख्याध्यापकांना खरे काय ते सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "लग्न कोणाचे होते म्हणालात?"

तेव्हाचे ढोलवादक निको मॅकब्रेन ह्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. त्या रात्रीचा मेळ होता तसा आता पुन्हा उभा राहायचा नाही. फिती आणि तबकड्या राहतील, आणि त्या राहाव्यात. पण खलाशी वाट अडवून उभा असतो तो थोडाच वेळ. तेवढ्यात आपल्याला त्याच्यासमोर जाऊन बसता आले पाहिजे. तुमचा खलाशी भजनी असेल, तमासगीर असेल, कोणी बुवा असेल. तो आहे आणि आपण आहोत तोवर जाऊन या. आणि जाताना लग्नाचे कारण सांगू नका.