बाळ दिवसा झोपावं म्हणून

(रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मी तुमच्यासारखीच गावातली बाई. शेतात राबले, दोन लेकरं वाढवली आणि आता कितीतरी वर्षं आशा म्हणून घरोघरी फिरते. दवाखान्यात बाळंत झालेली बाई घरी आली की ३ऱ्या दिवशी मी तिच्या दारात उभी. मग ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, अंगावर नीट पितंय का ते बघायचं, ही माझी कामं. पण पिशवी खाली ठेवायच्या आत बाळंतीण विचारते, "ताई, हे दिवसा झोपतच नाही हो. मांडीवर झोपतं आणि खाली ठेवलं की टक्क जागं. मी कामाला कधी लागू?"

आज मी तेवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे. पण आधी माझी एक चूक सांगते. ही चूक सांगितल्याशिवाय दुसरीला शहाणपण शिकवायचा मला हक्क नाही.

माझा थोरला तीन महिन्यांचा होता. कांद्याची लागण चालू होती. वाफे भिजवलेले, रोप उपटून ठेवलेलं आणि बाया मिळत नव्हत्या. घरात गुटी द्यायची पद्धत होती. सासूबाई सहाणेवर जायफळाचे दोन वेढे उगाळून चाटवायच्या. त्या दिवशी त्या परगावी गेल्या होत्या, म्हणून मीच उगाळलं. बाळ जरा जास्त झोपलं तर दोन वाफे जास्त लागतील, एवढंच डोक्यात. किती वेढे घेतले ते मोजले नाहीत. बांधावरच्या लिंबाला झोळी बांधली, बाळ झोपलं आणि मी वाफ्यात उतरले.

ऊर भरून आला, पोलकं ओलं झालं, तेव्हा ध्यानात आलं की पाजायच्या दोन वेळा टळून गेल्या. झोळीकडे पळाले. हाका मारल्या, तळपाय चोळले. उठेना. तोंडाला लावलं तर ओढेना. ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "बाळाला काय दिलं होतं?" मी म्हटलं, "काही नाही." भीतीनं खोटं बोलले. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा खरं सांगितलं. रात्रभर बाळावर लक्ष ठेवलं. पहाटे ते रडलं आणि त्याच्याबरोबर मीही रडले. आज तो पोरगा माझ्यापेक्षा उंच आहे. पण त्या दिवसापासून आमच्या घरात जायफळ फक्त श्रीखंडात पडतं.

आज्यांनो, रागावू नका. तुम्ही वाईट हेतूनं देत नाही हे मला ठाऊक आहे. पण वेढा हे काही माप नव्हे. एक जायफळ कडक, एक मऊ. एकीचा हात हलका, एकीचा जड. तान्ह्याच्या अंगात किती गेलं ते कुणालाच कळत नाही, आणि जास्त झालेलं जायफळ विषासारखं बाधतं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. वरचं पाणी नको, गुटी नको. मध तर वर्ष होईपर्यंत नकोच, त्यातून लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. झोप यावी म्हणून खोकल्याचं औषध कधीही देऊ नका. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची गोळी देत. बाळगोळी म्हणत तिला. त्या आया काही दुष्ट नव्हत्या. बाळाकडे बघायला कुणी नव्हतं आणि भोंगा थांबत नव्हता. आपलीही अडचण तीच आहे. फक्त भोंग्याच्या जागी लागण, खुरपणी आणि कापूस वेचणी आली.

मग औषधाशिवाय बाळ झोपवायचं कसं?

आधी बाळाला झोप लागते किती ते बघू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिल्या तीन महिन्यांत दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास आणि चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६ तास. पण ही झोप तुकड्यातुकड्यांत असते. पोटात असताना बाळाला दिवस काय, रात्र काय, सारखंच. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे बाळ दिवसा झोपतं आणि रात्री खेळतं. ते हट्टी नसतं. दिवसा घरात उजेड आणि नेहमीचे आवाज राहू द्या. रात्री दिवा मंद ठेवा, बोलणं कमी करा. दोन-तीन महिन्यांत बाळाला फरक कळायला लागतो.

आता मुख्य गोष्ट. आपण बाळ रडायला लागलं की झोपवायला घेतो. तिथेच उशीर होतो. फार वेळ जागं राहिलेलं बाळ दमून झोपेल असं आपल्याला वाटतं, पण होतं उलटं. ते चिडतं, अंग ताठ करतं, छातीला लावलं तरी तोंड फिरवतं. पहिल्या महिन्यात बाळ पाऊण तास ते तासभर जागं राहिलं की पुष्कळ झालं, आणि त्यात पाजणंही आलं. तीन महिन्यांचं बाळ साधारण दीड तास जागं राहतं, सहा महिन्यांचं दोन ते अडीच तास. घड्याळ नसलं तरी चालेल, बाळ स्वतःच सांगतं. नजर चुकवतं, एकीकडे टक लावून बघतं, जांभई देतं, डोळे चोळतं, कान ओढतं, भुवयांपाशी लाली येते. यातलं काहीही दिसलं की हातातलं काम ठेवा. तेव्हा दहा मिनिटं दिली तर पुढचा तासभर रडणं वाचतं.

रोज त्याच क्रमानं झोपवा. पाजा, खांद्यावर घेऊन ढेकर काढा, लंगोट बदला, कोपऱ्यात न्या, हळू आवाजात काहीतरी गुणगुणा. गळा गोड नसला तरी चालतो, बाळाला आवाज ओळखीचा हवा. रोज तेच केलं की बाळाला कळतं, आता झोपायचंय.

लहान बाळ झोपेत हात उडवून दचकतं आणि जागं होतं. त्यासाठी पातळ सुती दुपट्यात गुंडाळायला हरकत नाही. पण छातीवर आवळू नका आणि पाय मोकळे राहू द्या, गुडघे वाकवता आले पाहिजेत. पाय सरळ ओढून बांधले तर खुब्याच्या सांध्याला इजा होते. बाळ कुशीवर वळायची धडपड करू लागलं की गुंडाळणं बंद.

खाली ठेवताना आधी ढुंगण टेकवा, मग पाठ आणि शेवटी डोकं. डोकं आधी खाली गेलं की बाळाला पडल्यासारखं वाटतं. ठेवल्यावर लगेच हात काढू नका. तळहात छातीवर हलका राहू द्या, दहा-वीस श्वास मोजा, मग काढा. झोपेत बाळ कुरकुरतं, तोंड हलवतं, क्षणभर डोळेही उघडतं. लगेच उचलू नका. मिनिटभर थांबा, पुष्कळदा ते पुन्हा झोपतं. आणि अर्ध्या-पाऊण तासात उठलं तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. चार-पाच महिन्यांपर्यंत दिवसाची झोप अशी तुटकच असते.

आता झोपवायचं कुठं? हे नीट ऐका, कारण यात जीव जाऊ शकतो. बाळ नेहमी उताणं झोपवा, दिवसाही आणि रात्रीही. सपाट, घट्ट अंथरुणावर. मऊ उशी नको, झोपताना मोहरीची उशीही काढून ठेवा. डोक्याला चपटेपणा येऊ नये म्हणून मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवा आणि जागेपणी तुमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पालथं घाला. तोंडावर पदर किंवा ओढणी टाकू नका, माश्या असतील तर मच्छरदाणी लावा. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात कुंची-टोपडं काढा. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर कपडे जास्त झालेत. अंघोळीनंतरची शेगडी आणि धुरी बाळाच्या खोलीत नको. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, पण जीव घेतो. घरात कुणी दारू पिऊन आलं असेल, तर त्याच्या शेजारी बाळ झोपवू नका.

झोळीचं विचाराल, तर मी झोळीत वाढले आणि माझी लेकरंही. तरी खरं सांगते, सपाट जागा झोळीपेक्षा चांगली. झोळीत बाळाचं अंग मुडपतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडते. शेतात झोळीशिवाय सोय नसेल, तर कापड रुंद पसरा, हनुवटी मोकळी आहे ना बघा, तोंड दिसत राहू द्या. झोळी जमिनीपासून कमी उंचीवर बांधा. सावली सरकते, ऊन अंगावर येतं, तेही बघा. मोठ्या भावंडांना झोळीला झोके घेऊ देऊ नका, पिळलेलं कापड गळ्याला बसतं. बाळ झोपलं की उचलून खाली गोधडीवर ठेवा, पण किडा-मुंगी बघून आणि जवळ कुणी जागं असेल तरच.

जवळ कुणी जागं असेल तरच. सगळं येऊन अडतं ते इथेच. माझ्या बाळाला त्या दिवशी जायफळ कमी-जास्त झालं, पण खरी अडचण होती की सगळे वाफ्यात होते आणि झोळीपाशी कुणीच नव्हतं. २००५ सालच्या रोजगार हमी कायद्यात एक तरतूद केली होती. कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील, तर एका बाईनं त्यांच्याकडे बघायचं आणि तिलाही मजुरी मिळायची. म्हणजे मुलं सांभाळणं हे काम आहे असं सरकारनं कागदावर मान्य केलं होतं. मग आपल्या गटाला ते मान्य करायला काय अडचण आहे? पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा विषय काढा. चार-पाच जणींची लेकरं तान्ही असतील, तर एकीनं बांधावर किंवा कुणाच्या ओसरीवर थांबायचं, बाकीच्यांनी तिची मजुरी वाटून द्यायची. दर दोन तासांनी, किंवा बाळ मागेल तेव्हा, आईनं येऊन पाजायचं. आमच्या वस्तीवर आम्ही हे दोन हंगाम केलं. कुरबुरी झाल्या, पैशावरून एकदा भांडणही झालं, पण एकाही बाळाला गुटी द्यावी लागली नाही.

आणि घरातल्या पुरुषांनाही हे शिकवा. ढेकर काढायला, छातीवर हात ठेवायला आईच लागते असं नाही. आजोबांच्या खांद्यावर बाळ छान झोपतं, मी पाहिलंय.

शेवटची गोष्ट. झोप आणि सुस्ती यात फरक आहे. बाळ पाजायला उठत नसेल, दूध ओढत नसेल, अंग ढिलं पडलं असेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, श्वास घेताना छाती आत जात असेल, झटका आला असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आशाला हाक मारा. दवाखान्यात काय दिलं ते खरं सांगा. गुटी, जायफळ, औषध, काहीही असो. मी पहिल्यांदा खोटं बोलले होते. डॉक्टर रागावतील, रागावू देत.

उद्या बाळानं पहिली जांभई दिली की हातातलं खुरपं खाली ठेवा. वाफा कुठे जात नाही.