एटापल्लीहून ब्राझीलला

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सभासदांपुढे केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा अध्यक्ष साहेबांनी घेतलाच आहे. पाण्याची टाकी, रंगकाम, पार्किंग, थकबाकी सगळं त्यात आलं. बँकेतला माणूस म्हणून मलाही थकबाकीवरच बोलायला लावतील अशी मला धास्ती होती, पण कमिटीनं विषय माझ्यावर सोपवला. तेव्हा मी आज भूगोलावर बोलणार आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. ते काय, हे आत्ताच सांगत नाही, म्हणजे कोणी मधून उठून जाणार नाही.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी एटापल्ली तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. आपल्याकडे 'बांद्यापासून चांद्यापर्यंत' म्हणतात, म्हणजे महाराष्ट्र चांद्याला संपला. ही शाळा चांद्याच्याही पुढे. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगेचा पूल, मग आलापल्ली, मग एटापल्ली. गेल्या वर्षी तिचा फोन आला. म्हणाली, "काका, माझा दहावीचा वर्ग ब्राझीलला निघालाय. डॉलरचं तेवढं तुम्ही समजावून द्या." मला वाटलं कुठली स्पर्धा जिंकली पोरांनी. तर तसं काही नव्हतं. सगळी सहल कागदावरची होती.

ब्राझीलच का, तर आपल्या राज्याच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात २०१८ पासून भारत आणि ब्राझील यांचा जोडीनं अभ्यास आहे. स्थान, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वाहतूक, दोन्ही देशांचं शेजारी शेजारी. पुस्तक चांगलं आहे. पण पोरं पाठ करतात ते इतकंच की ब्राझील म्हणजे जगाचा कॉफीपॉट, आणि ॲमेझॉनचं खोरं. बाईंनी ठरवलं की धडे तेच, पण पोरांनी त्या देशात जायची तयारी करायची. वर्गाचे गट पाडले. एकाकडे मार्ग, एकाकडे हवामान, एकाकडे पैसा, एकाकडे भाषा आणि जेवण, एकाकडे पाहायची ठिकाणं. नियम एकच. वहीत जे लिहाल त्याच्यासमोर 'का?' असा रकाना, आणि तो रिकामा ठेवायचा नाही.

मी तीनदा गेलो. डॉलर शिकवायला गेलो होतो, पण बराच वेळ मागच्या बाकावर बसून ऐकत होतो.

पहिला वाद महिन्यावरून झाला. मी घरी आल्यावर आपल्या सोसायटीतल्या मुलांना हाच प्रश्न विचारला होता. उत्तर तयार होतं, मे महिना, सुट्टी असते. एटापल्लीच्या वर्गात मे म्हटल्याबरोबर अर्धा वर्ग ओरडला, "मे मध्ये कसं जमन सर, तेंदूपत्ता राहते!" बरं, मग पावसाळा? एक मुलगा भामरागडच्या बाजूचा होता. तिथे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तो म्हणाला, आधी भामरागडहून निघता आलं पाहिजे, मग ब्राझील. जानेवारी निघाला, तर हवामानाच्या गटानं हात वर केला. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जानेवारीत उन्हाळा, आणि आपण जिथे चाललो तिथे तेव्हाच पावसाचा जोर. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. शेवटी एप्रिल ठरला. तिथला पाऊस ओसरलेला, इथला तेंदूपत्ता सुरू व्हायचा. प्रवासाची तारीख दोन्ही टोकांच्या ऋतूंवरून ठरवावी लागते, हे त्या पोरांना कुणी शिकवायची गरज पडली नाही.

आता कुठे जायचं? बाईंनी नकाशावर आपलं चंद्रपूर दाखवलं, जवळपास २० अंश उत्तर. म्हणाल्या, ब्राझीलमध्ये २० अंश दक्षिणेला काय आहे ते शोधा. तिथे सापडलं बेलो होरिझोन्ते, मिनास जेराइस राज्याची राजधानी. आपलं चंद्रपूर विषुववृत्तावर घडी घालून पलीकडे टेकवलं तर याच्या रांगेत बसेल. लगेच एकानं विचारलं, "मग तिथंबी ४७ डिग्री चढते का?" नाही चढत. बेलो होरिझोन्ते समुद्रसपाटीपासून साधारण ८५० मीटर उंच, आपण २०० च्या आत, आणि समुद्रापासून कितीतरी आत. अक्षांश सारखा म्हणून हवा सारखी होत नाही. हे वाक्य पुस्तकात असतंच, पण मे महिन्यात चांद्याला राहिलेल्या माणसाला ते वेगळंच कळतं.

डिसेंबरमध्ये त्यांनी मैदानात एक मीटरची काठी रोवून दुपारी सावली मोजली. नव्वद सेंटीमीटरच्या थोडी वर, उत्तरेकडे पडलेली. जूनमध्ये बेलो होरिझोन्तेला तीच काठी रोवली तर सावली तेवढीच, पण दक्षिणेकडे. हे पोरांनी जमिनीवर खडूनं आखून काढलं.

घड्याळाचं गणित मला फार आवडलं, म्हणून जरा थांबतो. चंद्रपूर ७९.३ अंश पूर्व, बेलो होरिझोन्ते साधारण ४३.९ अंश पश्चिम. बेरीज १२३.२ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ८ तास १३ मिनिटं. पण दोन देशांच्या घड्याळांत फरक आहे साडेआठ तासांचा. मग ही १७ मिनिटं गेली कुठे? हिशेबात १७ चा फरक निघाला की बँकेत आम्ही रात्री नऊपर्यंत बसत असू. त्या वर्गात दोन मुली मधल्या सुट्टीत बसल्या आणि फरक काढून दिला. आपली भारतीय वेळ ८२.५ अंशांवरची, चंद्रपूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे १३ मिनिटं मागे. तिकडची वेळ ४५ अंश पश्चिमेची, आणि बेलो होरिझोन्ते त्याच्या किंचित पूर्वेला, म्हणून तिथला सूर्य चार मिनिटं पुढे. तेरा आणि चार सतरा. ताळेबंद जुळला.

मार्गाच्या गटानं पृथ्वीगोलावर दोरा ताणला, मुंबई ते साओ पाउलो. दोरा अरबी समुद्रावरून आफ्रिकेत शिरला आणि इथिओपियाला लागूनच गेला. तेव्हा विमान आदिस अबाबाला का बदलतात ते 'का?'च्या रकान्यात लिहून झालं. अंतर निघालं पावणेचौदा हजार किलोमीटरच्या आसपास. पण याच गटाचा सगळ्यात मोठा खल अलीकडच्या दीडदोनशे किलोमीटरवर होता. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच चालू आहे, देसाईगंजला म्हणजे वडशाला, आणि ते यांच्यापासून फार उत्तरेला. या वर्गातल्या बऱ्याच जणांनी रेल्वे जवळून पाहिलेली नाही. मुक्काम पहिला कुठे, हे ठरवताना त्यांनी लिहिलं, चंद्रपूर. ते लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

माझा तास डॉलरचा. आमच्या कॉलेजच्या काळात परदेशी निघालेल्या माणसाच्या खिशात आठ डॉलर असत, हे ऐकून पोरं हसली. आज रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात आणि प्रवासाला रोख नोटा ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. ब्राझीलचं चलन रेआल. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे रेआल, आणि दोन्ही वेळा बदलून देणारा आपला वाटा कापतो. माणशी खर्च दोन लाखांच्या वर गेला. एका मुलानं शेजारी अजून एक रकाना पाडला आणि तोच खर्च तेंदूपत्त्याच्या पुडक्यांत लिहिला. मला वाटलं बाई ते खोडायला लावतील. त्यांनी सगळ्या वर्गाला तसा रकाना पाडायला लावला.

भाषेच्या गटाला पोर्तुगीज अवघड जाईल असं वाटलं होतं. पण पाव, बटाटा, चावी हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आलेत आणि ब्राझीलमध्ये आजही चालतात. काजूचं तर झाडच मूळचं तिकडचं. यातली बरीच मुलं घरी माडिया बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आलापल्लीच्या बाजारात तेलुगू ऐकतात. नवीन भाषेची भीती त्यांना आपल्या मुलांपेक्षा कमी.

आता जरा गंभीर गोष्ट. बाईंनी सगळ्यांकडून पासपोर्टचा अर्ज भरून घेतला, नुसता सरावाला, कोऱ्या कागदावर. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची नावं, प्रत्येक बाब कागदपत्रावरून. आणि वर्गात गोंधळ उडाला. आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. माडिया नावं प्रत्येक कारकुनानं आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. कुणाच्या जन्मतारखेत दोन वर्षांचं अंतर, एकीच्या वडिलांचं आडनावच बदललेलं. मी अठ्ठावीस वर्षं खाती उघडली, मला याची किंमत ठाऊक आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे छापलं जातं ते पुढे जन्मभर पुरावा म्हणून मागतात. शिष्यवृत्ती, जात पडताळणी, नोकरी, बँक, सगळीकडे. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे चकरा. बोर्डाचे अर्ज जायला तेव्हा थोडे दिवस होते. बाईंनी आणि मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं, आणि जेवढ्यांचं जमलं तेवढ्यांचं दुरुस्त करून घेतलं. एका पालकानं आधी विचारलं होतं, ब्राझीलला जायचंच नाही तर एवढी तयारी कशाला? पोरीचं नाव दुरुस्त झाल्यावर तेच गृहस्थ पुन्हा आले, धाकट्याचे कागद घेऊन.

शेवटचा गट पाहायच्या ठिकाणांचा. मिनास जेराइस या नावातच खाणी आहेत. लोखंडाचा मोठा साठा त्या राज्यात. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरात लोखंड आहे हे तुम्हाला माहीत आहेच. आपल्या जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडाचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांनी वाचला होता आणि पोलाद इथेच काढायचं त्यांच्या मनात होतं. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही, म्हणून ते राहिलं. नाहीतर आपली सोसायटी आज पोलादनगरीत असती, आणि मेंटेनन्सही तसाच असता.

तर गटातल्या काहींना तिथली खाण पाहायची होती. काहींच्या घरचे भाऊ, काका इथल्या खाणीवर ट्रक चालवतात. काहींच्या गावांचा खाणीला विरोध. वर्गात दोन्ही बाजूंची पोरं शेजारी शेजारी बसतात. त्यात एका मुलीला ब्रुमाजिन्यो सापडलं. बेलो होरिझोन्तेपासून जवळच. २५ जानेवारी २०१९ ला तिथल्या खाणीच्या गाळाचा बांध दुपारी जेवणाच्या वेळी फुटला आणि २७० माणसं गेली. कामगारांचं जेवणघर बांधाच्या खालीच होतं, भोंगा वाजला नाही. त्याआधी २०१५ च्या नोव्हेंबरात त्याच राज्यात मारियानाजवळ असाच बांध फुटून १९ जण गेले होते आणि तो गाळ नदीतून वाहत पार अटलांटिकला पोचला होता.

वर्ग शांत झाला. खाण चांगली की वाईट, यावर बाईंनी मत दिलं नाही, मतदानही घेतलं नाही. म्हणाल्या, तुम्ही तिथे गेलात, तिथल्या माणसांना काय विचाराल? पोरांनी प्रश्न लिहिले. धुतलेला गाळ कुठे साठवता? त्याच्या खाली कोण राहतं? भोंगा कोण तपासतं? पगार किती? दवाखाना कुठे? नदीचं पाणी परत कधी पिता आलं? ट्रकवाल्याच्या भावानंही लिहिले, आणि विरोधातल्या गावच्या मुलानंही. बरेचसे प्रश्न दोघांचे तेच होते. तो कागद मी मागून घेतला, माझ्याकडे आहे.

हो, गोंडवनाचं राहिलं. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका कोट्यवधी वर्षांपूर्वी एकत्र होते, आणि त्या भूखंडाला जगभरचे शास्त्रज्ञ गोंडवनच म्हणतात, गोंडांच्या मुलखावरून. हे बाईंनी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे ब्राझीलबी आमचंच!" त्यावर बराच वेळ हशा.

आता मागणं. या वर्षीच्या नव्या वर्गानं कागदावरच्या सहलीतला पहिला टप्पा खरोखर करायचं ठरवलंय, एटापल्ली ते चंद्रपूर, जानेवारीत, दोन रात्री. बल्लारशाहला रेल्वे पाहायची, तिच्यातून चंद्रपूरपर्यंत यायचं, जटपुरा गेटपासून परकोट पाहायचा. मुलं अडतीस, शिक्षक तीन. उतरायला मी आपल्या हॉलचं नाव सांगून बसलोय, कमिटीची मंजुरी तेवढी बाकी आहे. आपल्यापैकी ज्यांची मुलं-सुना परदेशी आहेत, त्यांनी एका संध्याकाळी त्यांना व्हिडिओवर बोलवावं. या पोरांचे प्रश्न तयार असतात, आधी उत्तरं तयार ठेवायला सांगा. आपली मुलंही त्यांच्यासोबत बसू देत, आणि जमलं तर पुढच्या वर्षी उलटी सहल, चंद्रपूर ते एटापल्ली.

हॉलमध्ये गाद्या वीसच आहेत. जानेवारीत थंडी असते, ब्लँकेटंही लागतील. ज्यांना देता येतील त्यांनी आज चहाच्या वेळी सेक्रेटरी साहेबांच्या वहीत नाव आणि नग लिहून द्यावेत.