कामातल्या झिराडबाई आणि माझ्या आजीची बहीण

मुळशीतल्या रिहे गावातून बोलतोय.

आज आधी एक प्रश्न. मुंबईचं कामा हॉस्पिटल म्हटलं की काय आठवतं? 26/11, बरोबर? मलाही तेवढंच माहीत होतं. पण हे 1886 पासूनचं बायकांचं हॉस्पिटल आहे. आणि 1947 पर्यंत जवळपास वीस वर्षं ते सांभाळलं आपल्याच एका मराठी बाईनं. डॉ. जेरुशा झिराड.

नाव वेगळं वाटलं ना? आडनाव मात्र ओळखीचं आहे. मांडव्याहून अलिबागला जाताना झिराड गाव लागतं, तेच. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे.

जेरुशाबाईंचा जन्म शिवमोग्याचा, पण शाळा आपल्या पुण्यात, हुजूरपागेत. लहानपणी त्यांची थोरली बहीण खूप आजारी पडली. कामातल्या डॉ. ॲनेट बेन्सन यांनी तिला वाचवलं. ते बघून या मुलीनं ठरवलं, आपणही डॉक्टर व्हायचं. 1912 मध्ये त्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. 1913 मध्ये समाजातल्या बायकांसाठी स्त्री मंडळ काढलं. मग लंडन गाठलं, 1919 मध्ये तिथली एमडी मिळवली आणि परत आल्या. पुढे त्याच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या!

आता मला सगळ्यात भिडलेली गोष्ट सांगतो. त्याआधी थोडं घरचं.

माझ्या आजीची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. भर पावसाळा, ओढ्याला पाणी, दवाखाना लांब. मी आजीला विचारलं, "कशानं गेली गं?" आजी म्हणाली, "तेव्हा व्हायचं रे तसं." बस. तारीख नाही, कारण नाही, कुठे नोंद नाही. आमच्या ऑफिसात सर्व्हर पाच मिनिटं बंद पडला, तरी तो का पडला याचा रिपोर्ट लिहावा लागतो. इथे एक अख्खी बाई गेली, आणि काहीच नाही.

झिराडबाईंनी नेमकं हेच विचारलं. 1937-38 मध्ये त्यांनी मुंबई शहरात बाळंतपणात बायका का दगावतात, याची चौकशी केली. त्याचा अहवाल 1941 मध्ये सरकारनं छापला. 'नशीब' म्हणून सोडून दिलेल्या मरणाला कारण असतं, आणि कारण कळलं तर पुढची बाई वाचू शकते, हा त्यामागचा साधा विचार.

गंमत बघा, त्याच सुमारास मुंबईचे महापौरही बेने इस्रायलीच होते, डॉ. ई. मोझेस. त्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना रोज हजारो लोक वापरतात. झिराडबाईंना 1966 मध्ये पद्मश्री मिळाली, पण तुमच्यापैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलं होतं, खरं सांगा!

आज आशाताई गरोदर बाईची नोंद करतात, 108 ला फोन केला की गाडी येते. बाळंतपणात बाई दगावली तर का दगावली, याची चौकशी करायची पद्धत आहे. 2018-20 च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावत होत्या. म्हणजे काम संपलेलं नाही. पण निदान आपण मोजतो तरी.

जाता जाता एक काम देतो. आज घरी आजीला, पणजीला विचारा, आपल्या घरातलं असं कोण गेलं? तिचं नाव काय होतं? लिहून ठेवा. मी लिहिलंय. आजीच्या बहिणीचं नाव ठकू होतं.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!