उभं राहून मोजलेला रक्तदाब
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आत्ता आरतीला आपण सगळे खुर्च्यांवरून एकदम उठलो. अशा वेळी अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. मानेतल्या रोहिण्या मेंदूला वर्दी देतात, नाडी १०-२० ठोक्यांनी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. आपल्याला न विचारता हे काम करते ती स्वायत्त मज्जासंस्था. ती ठीक आहे की नाही, हे नाडी आणि रक्तदाबावरून ओळखता येतं.

माझ्या वडिलांना बरीच वर्षं मधुमेह होता. आरतीला उठले की ते खुर्चीची पाठ धरून उभे राहायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. मी स्वतः डॉक्टर, पण त्यांचा रक्तदाब नेहमी बसवूनच मोजायचो. १४०/८०. "छान आहे, बाबा." एका पहाटे ते न्हाणीघरात पडले, कपाळाला चार टाके पडले. मग मी त्यांना झोपवून आणि उभं करून मोजलं. वरचा आकडा १४० वरून १०८ वर आला होता आणि नाडी जेमतेम तीन ठोक्यांनी वाढली होती. मधुमेहानं त्या नसाच अधू केल्या होत्या.

नाडीची साक्ष महत्त्वाची. दाब उतरून नाडी भरभर वाढली, तर शरीरात पाणी कमी झालंय का, रक्तस्राव आहे का, हे आधी पाहतात. नाडी हललीच नाही, तर नसांची शंका येते. मात्र नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असेल तर हा अंदाज फसू शकतो.

दुसरी तपासणी श्वासाची. ईसीजी चालू ठेवून मिनिटात सहा खोल श्वास घ्यायचे. श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना उतरते. हा फरक १५ ठोक्यांचा असेल तर उत्तम. १० किंवा कमी असेल तर नसा मंदावल्याची खूण. उतारवयात फरक थोडा कमी होतोच.

घरी एवढं करा. पाच मिनिटं झोपून रक्तदाब मोजा. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. शेजारी कुणीतरी असू द्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा.

बाबांच्या कपाळावरच्या टाक्यांनी मला हे शिकवलं. तुम्हाला ते नुसतं ऐकून कळावं, एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना.