दात्यांचे गणित

तंजावर जिल्ह्यातील पापनाशमच्या भातखाचरांत चिखलणी करणारा ट्रॅक्टर मंद चालतो, पण अडत नाही. वेग देऊन बळ घ्यावे, हा त्याच्या मागच्या आसातील दातेरी चक्रांचा व्यवहार. ‘ड्रॅग’ शर्यतीच्या मोटारीलाही तो चुकत नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. उभ्या जागेवरून सुटून सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर कापायचे, हे तिचे प्रचलित रूप.

आसातील लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवते. पिनियनला १० व क्राउनला ४१ दाते असल्यास प्रमाण ४.१ होते. प्रमाण मोठे, तितकी पहिली झेप जोरकस. मग सर्वांत मोठेच का घेऊ नये? एक तर जोर टायरच्या पकडीपलीकडे गेला, की चाक जागीच घसरते. दुसरे कारण अंतिम रेषेपाशी आहे. चाकाचा परीघ २ मीटर, इंजिनाचे मिनिटाला ६,००० फेरे आणि वरचा गिअर थेट असेल, तर ४.१ वर वेग ताशी सुमारे १७६ किलोमीटरांवर थांबतो, ३.५ वर २०६ पर्यंत जातो. म्हणून जाणता कारागीर हिशेब शेवटाकडून मांडतो.

मग जुळणी. दात्यांना रंग लावून चक्रे फिरवतात. ठसा दात्याच्या मध्यावर उमटावा. मुळाशी वा टोकाशी उमटल्यास पातळ चकत्या बदलून पिनियनची जागा सुधारतात. दात्यांमधील मोकळीक साधारण मिलिमीटरच्या पंचमांशाएवढीच. ती कमी पडल्यास दाते तापतात. फार झाल्यास सुटतानाच्या धक्क्याने तुटू शकतात, आणि काही सेकंदांची शर्यत आरंभरेषेवरच संपते.