बाळाच्या बाहुलीतील पांढरी चमक



तिन्हीसांजेला सावनेरच्या एखाद्या घरात दिवा लागतो. आई बाळाला मांडीवर घेते आणि उजेड पडताच एका डोळ्याच्या बाहुलीत, मांजरीच्या डोळ्यासारखी, पांढरी चमक दिसते. आजी म्हणते, "काई नाई होत व माय. माह्या माहेरी एका पोराले असंच झालतं. अंगारा लावला न् आपोआप गेलं."

आजी खोटे बोलते असे नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला बाळपणी एक कर्करोग होतो. त्याचे नाव रेटिनोब्लास्टोमा. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो, आणि बहुधा पाच वर्षांच्या आत दिसतो. शेकड्यात एखाद-दोन मुलांत ही गाठ उपचाराविना थांबते किंवा विरते, हे डॉक्टरांनी पाहिले आहे. वाढत्या गाठीला रक्त पुरेनासे होत असावे, हे त्याचे एक कारण मानतात. अंगाऱ्याचा संबंध नाही.

पण त्या मुलाचा डोळा पुढे कसा राहिला, हे आजीला विचारा. बहुधा गाठीबरोबर डोळाही सुकून लहान होतो आणि नजर जाते. कुणाची गाठ लहान असतानाच थांबते, डोळा शाबूत राहतो. तरी ती पुढे पुन्हा वाढू शकते. शिवाय बीजातला दोष जात नाही. १९७१ साली अमेरिकेतील आल्फ्रेड नुडसन यांनी मांडले, की पेशीतली जनुकांची एक जोडी पुरती बिघडली की ही गाठ होते. जोडीतला एक दोष जन्मतःच अंगात असेल, तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. म्हणून अशा माणसाने आपल्या बाळांचे डोळे जन्मताच तपासून घ्यावेत.

आपोआप बरे होईल म्हणून थांबलो, तर बाकीच्या मुलांत गाठ डोळ्याच्या नसेवाटे मेंदूकडे सरकते. वेळेवर गेलो, तर औषधांनी, लेझरने किंवा गाठ गोठवून पुष्कळदा डोळाही वाचतो. कधी डोळा काढावा लागतो. पण लेकरू जगते, शाळेत जाते.

गुरुजी, अंगणवाडीताई, आपली नजर इथे कामाची आहे. पांढरी चमक, नवा तिरळेपणा, फोटोत एक बाहुली लाल तर दुसरी पांढरी, असे काही दिसले तर त्याच आठवड्यात बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सावनेरहून फार दूर नाही. आजीलाही सोबत न्या. तिचा धीर आईला लागेल.