वळिवड्याचा फलाट



माझ्या आधी बोललेल्यांत कोणी डॉक्टर आहे, कोणी इंजिनिअर. मी 1986 साली दहावीला गणितात नापास झालो आणि गांधीनगरला कापड दुकानात कामाला लागलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत नाही, कारण मी कळू दिलं नाही. मागच्या दोन मेळाव्यांना आलो नाही, तेही त्यामुळंच.

आपल्या गडहिंग्लजला आजही रेल्वे नाही. सहलीत बघायची गोष्ट ती. गांधीनगरला मात्र रोज शिट्टी ऐकू यायची. जवळच वळिवडे स्टेशन. कोल्हापूरहून निघालं की गूळ मार्केटनंतरचं. पॅसेंजर तेवढी थांबायची. ना हमाल, ना चहाचा गाडा. गाडी गेली की फलाटावर मी आणि दोन कुत्री. सुट्टीला तिथं जाऊन बसायचो, कारण ओळखीचं कोणी भेटायची भीती नव्हती. (आपली माणसं लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरात यायची, पण एसटीनं!) एकदा आमच्या गल्लीतलंच लग्नघर दुकानात आलं, तेव्हा मी माळ्यावर तागे मोजत लपून बसलो होतो.

ते आमच्या सिंधी शेठनी बघितलं. संध्याकाळी फलाटावर येऊन शेजारी बसले. म्हणाले, "मी दहा वर्षांचा असताना इथंच उतरलो. सिंधमधलं घर गेलं होतं. आमच्या आधी या बराकींत पोलंडची माणसं राहायची."

मला वाटलं, शेठ थापा मारतायत. पुढं वाचलं तेव्हा कळलं, सगळं खरं होतं. दुसऱ्या महायुद्धात रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेले पोलिश लोक सुटल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यातले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 पासून वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. 1948 पर्यंत ते गेले आणि फाळणीत उठून आलेले सिंधी त्या बराकींत आले. तेच आजचं गांधीनगर. आणि ही लाइन कोल्हापूर संस्थानानं स्वतः बांधलेली. 1888 साली शाहू महाराजांच्या हस्ते भूमिपूजन, 1891 साली मिरजेपर्यंत गाडी सुरू. माझ्या वेळी ब्रॉडगेज होती. ती 1971 साली झाली, त्याआधी मीटरगेज. इतिहासाच्या तासाला महाराजांच्या धड्यात रेल्वे आली असेलही. मी खिडकीबाहेर बघत असणार.

तर शेठनी विचारलं, "परत परीक्षेला का बसत नाहीस?" मी गप्प. रिपीटरचा फॉर्म शाळेतूनच भरावा लागायचा आणि शाळेच्या दारात जायची मला लाज वाटत होती. शेठनी दोन दिवसांची रजा दिली, एसटीचं भाडंही दिलं. वर म्हणाले, "फॉर्म न भरता आलास तर कामावर येऊ नको."

आलो. ऑफिसच्या दाराशी अर्धा तास घुटमळलो. तेवढ्यात आमचे गणिताचे सर बाहेर आले. कुठं होतास, काय करतोस, काही विचारलं नाही. फॉर्म आणला, समोर बसवून भरून घेतला. मी खिसे चाचपत होतो, तोवर फी भरूनही झाली होती. त्या फलाटावर बसून मी गणितं सोडवली आणि पास झालो.

आज माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. 2024 साली वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाची बातमी टीव्हीवर लागली, तेव्हा हे सगळं घरी पहिल्यांदा सांगितलं. मुलगी म्हणाली, मेळाव्यातही सांगा.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसलाय. ती फी अजून माझ्याकडंच राहिलीय.